टू स्वीट की व्हेरी स्वीट? इंग्रजी शब्द निवडण्याआधी मराठी वाक्य तपासा

‘अवर ग्रेप्स आर टू स्वीट धिस इयर.’ असा मेल परदेशी खरेदीदाराला गेला, तर आपण आपल्याच मालाला नाव ठेवलं असा अर्थ होतो. ‘टू’ म्हणजे हवं त्यापेक्षा जास्त, म्हणून नकोसं. लिहिणाऱ्याच्या मनात ‘यंदा द्राक्षं फार गोड आहेत’ एवढंच होतं. मराठीतलं ‘फार’ कौतुकाला चालतं आणि तक्रारीलाही चालतं. इंग्रजीत कौतुकाला ‘व्हेरी’ लागतं आणि तक्रारीला ‘टू’. वाक्याचं व्याकरण बरोबर आहे, स्पेलिंग बरोबर आहे, त्यामुळे कॉम्प्युटर खाली लाल रेघ मारणार नाही. पण अर्थ उलटा पोचला.

मी दिंडोरीकडच्या एका द्राक्ष पॅकहाउसच्या ऑफिसात निर्यातीची कागदपत्रं आणि पत्रव्यवहार बघते. संध्याकाळी नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांत नोकरी करणारी मुलंमुली आपापले मेल घेऊन माझ्याकडे बसतात. इंजिनीअरिंग झालेली, हुशार पोरं आहेत ही. काळ आणि क्रियापदाचे तक्ते त्यांना तोंडपाठ असतात. अडतात ती शब्दाशी. आणि अडलं की इंग्रजीचा नियम आठवत बसतात. त्यांना मी एकच सांगते: आधी तुझ्या मनातलं मराठी वाक्य मोठ्याने म्हण. त्यातला कोणता शब्द एकाच वेळी दोन कामं करतोय ते बघ. इंग्रजीत तिथेच दोन वाटा फुटतात, आणि आपण बहुतेक वेळा तिथेच चुकीच्या वाटेला लागतो.

पर्यंत आणि पासून

‘शुक्रवारपर्यंत माल पाठवतो’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबतो’. दोन्हीकडे ‘पर्यंत’. पण पाठवणं एकदाच होतं, शुक्रवारच्या आत कधीही. थांबणं मात्र शुक्रवार उजाडेपर्यंत चालूच राहतं. एकदाच होणाऱ्या कामाला ‘बाय’ आणि चालू राहणाऱ्या कामाला ‘अंटिल’ किंवा ‘टिल’. ‘वी विल डिस्पॅच द कंटेनर बाय फ्रायडे.’ ‘वी विल वेट अंटिल फ्रायडे.’ ‘डिस्पॅच अंटिल फ्रायडे’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं की शुक्रवारपर्यंत रोजच माल निघतोय. न्हावा शेवा बंदरात जहाजाची वेळ ठरलेली असते, तिथे एवढा गोंधळ परवडत नाही.

‘पासून’चंही तसंच. ‘2019 पासून’ म्हणताना आपण सुरुवातीची खूण सांगतो, तिथे ‘सिन्स’. ‘पाच वर्षांपासून’ म्हणताना काळाची लांबी सांगतो, तिथे ‘फॉर’. त्यातही क्रियापद सांभाळायचं. मराठीत ‘मी इथे पाच वर्षांपासून काम करतेय’ हे वर्तमानकाळात बसतं, म्हणून हात आपोआप ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ लिहितो. इंग्रजीला मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या कामासाठी वेगळं रूप लागतं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’ नोकरीच्या मुलाखतीत बहुतेक वेळा पहिल्या दोन मिनिटांत हे वाक्य येतंच. तेवढं तरी पक्कं करून जा.

‘च’ आणि ‘पण’

या दोन चिमुकल्या शब्दांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण मराठी माणूस त्यांच्याशिवाय बोलूच शकत नाही आणि इंग्रजीत त्यांना सरळ जोडीदार नाही.

‘च’ दिसला की आपण ‘ओन्ली’ चिकटवतो. ‘आजच आलो’चं ‘आय केम टुडे ओन्ली’, ‘त्यालाच सांगितलं’चं ‘आय टोल्ड हिम ओन्ली’. पण ‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’. आपला ‘च’ फक्तच्या पलीकडे बरंच काही करतो. ‘आजच आलो’ मध्ये तो ‘आत्ताशी, नुकताच’ असं सांगतो. तिथे ‘आय जस्ट गॉट हिअर टुडे’. ‘शुक्रवारीच पाठवू’ मध्ये तो खात्री देतो. तिथे ‘वी विल डेफिनेटली डिस्पॅच ऑन फ्रायडे’. ‘त्यालाच विचारा’ मध्ये तो अनेकांतून एकाकडे बोट दाखवतो. तिथे ‘ही इज द पर्सन टू आस्क’. आणि ‘दोनच पेट्या उरल्या’ मध्ये तो खरोखर ‘फक्त’ आहे. तिथे ‘ओन्ली टू बॉक्सेस आर लेफ्ट’ अगदी बरोबर. म्हणजे ‘च’ लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं की इथे नुकताच, नक्की, हाच की फक्त? उत्तर मिळालं की इंग्रजी शब्द आपोआप समोर येतो.

‘पण’ आणि ‘सुद्धा’ची अडचण उलटी आहे. ‘मी पण येतो’चं ‘इव्हन आय विल कम’ होतं. ‘इव्हन’मध्ये आश्चर्य असतं: जो कधीच येत नाही तोसुद्धा येणार! साध्या भर घालण्याला ‘टू’ किंवा ‘ऑल्सो’ पुरतं: ‘आय विल कम टू.’ पावसात एरवी कधीच न अडणारा रस्ता अडला, तर मात्र ‘इव्हन द हायवे वॉज ब्लॉक्ड’ शोभून दिसतं.

मागच्या हंगामात ऑफिसातल्या एका मुलाने पाठवण्याआधी मला एक कच्चा मेल दाखवला. मजकूर असा (‘फायटो’ म्हणजे माल रोग-किडींपासून मुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र): ‘द शुगर इज टू गुड. वी विल लोड ऑन फ्रायडे ओन्ली. इव्हन फायटो इज रेडी. काइंडली ॲडव्हाइस.’

मी म्हटलं, “मराठीत सांग बरं, काय म्हणायचंय तुला?”

“ताई, साखर मस्त उतरलीय, शुक्रवारीच लोड करतोय, फायटो पण तयार आहे, पुढे काय करायचं ते कळवा.”

किती स्वच्छ, आत्मविश्वासाचं मराठी! आणि इंग्रजीत काय पोचलं? साखर जरा जास्तच झालीय. शुक्रवार सोडून दुसऱ्या कुठल्याही दिवशी लोडिंग होणार नाही. आश्चर्य म्हणजे फायटोसुद्धा तयार आहे, म्हणजे एरवी यांच्याकडे तो तयार नसतो की काय? आणि शेवटी एक नाम, ज्याला क्रियापदाच्या जागी बसवलंय. आम्ही दोघांनी मिळून ते असं केलं: ‘द शुगर लेव्हल इज व्हेरी गुड. वी विल डेफिनेटली लोड ऑन फ्रायडे. द फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट इज ऑल्सो रेडी. प्लीज लेट अस नो हाउ यू वुड लाइक टू प्रोसीड.’ ‘फायटो’ हा आपल्या ऑफिसातला शब्द आहे, बाहेरच्या पत्रात पूर्ण नाव लिहावं.

जिथे मराठी आपल्या बाजूने आहे

मराठी नेहमीच अडवते असं नाही. काही ठिकाणी तिची विभागणी इंग्रजीइतकीच बारीक आहे, आणि हे मुलांना कोणी सांगितलेलं नसतं.

भावाचंच बघा. लासलगावला कांद्याचे भाव वाढले, की व्यापाऱ्यांनी भाव वाढवले? मराठी बोलणारं पोरगंही या दोन वाक्यांतला फरक जाणतं. दुसऱ्यात कोणीतरी करणारा आहे, पहिल्यात नाही. ‘वाढणे’ म्हणजे ‘राइझ’, ‘वाढवणे’ म्हणजे ‘रेझ’. ‘प्राइसेस हॅव राइझन’ आणि ‘वी हॅव रेझ्ड अवर प्राइसेस’. पहिल्यात बाजाराने केलं, दुसऱ्यात आपण केलं. ग्राहकाला पत्र लिहिताना यातलं कोणतं वापरतो हे जबाबदारीचं काम आहे, कारण दुसऱ्या वाक्यानंतर तो ‘का’ म्हणून विचारणारच.

‘आणणे’ आणि ‘नेणे’ तसेच: माझ्याकडे येतं ते ‘ब्रिंग’, माझ्यापासून दूर जातं ते ‘टेक’. ‘आठवणे’ म्हणजे ‘रिमेम्बर’, ‘आठवण करून देणे’ म्हणजे ‘रिमाइंड’. ‘उसने घेणे’ म्हणजे ‘बॉरो’, ‘उसने देणे’ म्हणजे ‘लेंड’. मराठीत क्रियापद नीट उभं राहिलं की इंग्रजीही नीट उभं राहतं.

‘सांगणे’ आणि ‘म्हणणे’ हेही ‘टेल’ आणि ‘से’च्या अगदी जवळ आहेत. सांगायला समोर कोणीतरी लागतं, तसं ‘टेल’ला लगेच माणूस लागतो: ‘ही टोल्ड मी’. म्हणायला कोणी समोर असलंच पाहिजे असं नाही: ‘ही सेड दॅट द ट्रक वॉज लेट’. ‘ही टोल्ड दॅट’ खटकतं कारण कोणाला सांगितलं तो माणूसच गायब आहे. ‘एक्सप्लेन’ मात्र हट्टी आहे. आपण ‘मला समजावून सांग’ म्हणतो म्हणून ‘एक्सप्लेन मी’ येतं. इंग्रजीला ‘एक्सप्लेन इट टू मी’ हवं. ‘डिस्कस’चं उलटं. ‘त्याबद्दल चर्चा करू’मधला ‘बद्दल’ त्याच्या पोटातच आहे, म्हणून ‘डिस्कस द रेट’ म्हणायचं, मध्ये ‘अबाउट’ नको.

परीक्षेचं तेवढं सांभाळा. आपण परीक्षा देतो, इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो.

कमी किती आणि मोजता येतं का

‘कमी साखर’ आणि ‘कमी घड’. साखर मोजत नाही, मापतो. तिथे ‘लेस शुगर’. घड एक-दोन-तीन मोजता येतात. तिथे ‘फ्यूअर बंचेस’. पैसा, वेळ, अंतर आणि वजन यांच्यापुढे आकडा असला तरी एकूण माप मनात असतं, म्हणून ‘लेस दॅन टेन किलोमीटर्स’ बरोबर.

या नियमाचा धसका मात्र घेऊ नका. 1770 मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या एका इंग्रज लेखकाने ‘फ्यूअर’ आपल्याला जास्त बरं वाटतं असं लिहिलं होतं, आणि पुढे त्या आवडीचा नियम झाला. इंग्लंडमध्येही लोक बोलताना तो मोडतात. तिथल्या टेस्को या दुकानसाखळीने 2008 मध्ये ‘टेन आयटम्स ऑर लेस’ (दहा वस्तू किंवा कमी) अशा पाट्यांवरचा वाद मिटवण्यासाठी मजकूरच बदलून ‘अप टू टेन आयटम्स’ केला. मला हा मार्ग फार आवडतो. शब्द अडला तर वाक्य वळवावं. लेखी कामात मात्र ‘फ्यूअर’ची सवय असू द्या, औपचारिक पत्रात ते नीटनेटकं दिसतं.

त्याहून मोठी अडचण अनेकवचनाची. ‘इन्फर्मेशन’, ‘इक्विपमेंट’, ‘फर्निचर’, ‘मशिनरी’, ‘लगेज’, ‘ॲडव्हाइस’, ‘फीडबॅक’ यांना इंग्रजी मोजत नाही. मराठीत ‘दोन यंत्रं’ आहेत म्हणून ‘टू मशिनरीज’ करू नका. ‘टू मशीन्स’ म्हणा. ‘इक्विपमेंट्स’ तर अंबडच्या कितीतरी कंपन्यांच्या पत्रांत दिसतं. एकच नग सांगायचा असेल तर ‘अ पीस ऑफ इक्विपमेंट’. ‘फ्रूट’ही बहुधा एकवचनीच राहतं: ‘वी एक्सपोर्ट फ्रेश फ्रूट’.

हे सगळं पाठ करायची गरज नाही, पण शब्दकोश योग्य घ्या. मराठी-इंग्रजी कोशात ‘सल्ला’ शोधला तर ‘ॲडव्हाइस’ मिळेल, त्यापुढे ‘ॲन’ लावायचं की नाही हे बहुधा कळणार नाही. शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. या प्रकारच्या कोशाची एक पायाभूत आवृत्ती ए. एस. हॉर्नबी या शिक्षकाने जपानमध्ये इंग्रजी शिकवताना सहकाऱ्यांसोबत तयार केली, ती 1942 मध्ये टोकियोत निघाली. मातृभाषा इंग्रजी नसलेल्याला नेमकं काय अडतं, हे त्याने वर्गात पाहिलं होतं. म्हणून अशा कोशांत नामापुढे ‘सी’ किंवा ‘यू’ असं छोटं अक्षर असतं. ‘सी’ म्हणजे मोजता येणारं, ‘यू’ म्हणजे न मोजता येणारं. मोबाईलवर अशा कोशांची वेबसाइट फुकट उघडते. अर्थ वाचून थांबू नका. खालची दोन उदाहरणवाक्यं वाचा आणि त्या शब्दाच्या आजूबाजूला कोणते शब्द बसलेत ते उचला.

कानाला सारखे, कागदावर वेगळे

‘काइंडली ॲडव्हाइस’कडे परत येते. ‘ॲडव्हाइस’ (सल्ला) हे नाम ‘स’ने संपतं, ‘ॲडव्हाइझ’ (सल्ला देणे) हे क्रियापद ‘झ’सारख्या ध्वनीने. गळ्यावर बोट ठेवा: ‘स’ म्हणताना गळा शांत असतो, ‘झ’ म्हणताना थरथरतो. लिहिताना नामात ‘सी’ आणि क्रियापदात ‘एस’ हे अक्षर. ब्रिटिश पद्धतीत ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’ यांनाही हीच वाटणी लागते, उच्चार मात्र तिथे बदलत नाही. अमेरिकन मंडळी त्या दोघांत फरक करत नाहीत.

‘लूस’ म्हणजे सैल, सुटं. पेटीत घडापासून सुटलेले मणी म्हणजे ‘लूस बेरीज’, इन्स्पेक्शनमध्ये हा शब्द रोज येतो. ‘लूझ’ म्हणजे गमावणं, त्याच्या स्पेलिंगमध्ये एकच ‘ओ’. आपल्या तोंडी दोन्ही ‘लूज’ होतात, म्हणून लिहिताना फसगत. अवकाळी पावसाने पिकावर परिणाम केला, तिथे ‘अफेक्टेड’. झालेला परिणाम म्हणजे ‘इफेक्ट’.

नाशिकच्या पत्त्यावर ॲट, ऑन, इन

ही अव्ययं पुस्तकातून शिकू नका, शहरात फिरून शिका. नकाशावर टाचणी टोचता येईल अशी जागा असेल तर ‘ॲट’: ‘ॲट सीबीएस’ (मध्यवर्ती बसस्थानक), ‘ॲट रामकुंड’, ‘ॲट द्वारका सर्कल’. रस्ता असेल तर ‘ऑन’: ‘ऑन गंगापूर रोड’, ‘ऑन कॉलेज रोड’. ज्याच्या आत आपण सामावतो असा परिसर असेल तर ‘इन’: ‘इन पंचवटी’, ‘इन सिडको’. आणि नाशिकरोड? नावात रोड आहे, पण ते तर रेल्वे स्टेशनभोवती वाढलेलं अख्खं उपनगर. म्हणून ‘आय लिव्ह इन नाशिक रोड’. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, आपण मात्र ठाम राहावं.

वेळेलाही हेच माप. घड्याळातला नेमका बिंदू ‘ॲट’, दिवस ‘ऑन’, महिना आणि वर्ष ‘इन’: ‘ॲट नाइन’, ‘ऑन मंडे’, ‘इन मार्च’.

हो की नाही

फोनवरचा सगळ्यात महागडा शब्द ‘येस’ आहे. समोरचा विचारतो, ‘सो यू हॅवन्ट रिसीव्ह्ड द पेमेंट?’ आपण मराठीत ऐकतो: ‘म्हणजे पैसे मिळाले नाहीत?’ आणि सहज म्हणतो, ‘हो, नाही मिळाले.’ आपलं ‘हो’ समोरच्याच्या म्हणण्याला दुजोरा देतं. इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ प्रश्नाकडे बघत नाहीत, घडलेल्या गोष्टीकडे बघतात. मिळालं असेल तर ‘येस, वी हॅव’, मिळालं नसेल तर ‘नो, वी हॅवन्ट’. नुसतं ‘येस’ म्हणून फोन ठेवलात, तर पलीकडचा माणूस पैसे पोचले समजून निवांत होऊ शकतो. उपाय सोपा आहे: अशा प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊच नका. ‘द पेमेंट हॅज नॉट कम यट’ असं पूर्ण वाक्य म्हणा.

घरचं इंग्रजी आणि बाहेरचं इंग्रजी

आपल्याकडच्या इंग्रजीला मी चूक म्हणत नाही. भारतात ती रुळलेली भाषा आहे, आणि इंग्रजांनीही आपल्या मातीतून शब्द नेलेच. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्महिने कंटाळलेल्या सैनिकांवरून त्यांच्याकडे ‘डूलाली’ हा शब्द आला, अर्थ ‘डोकं फिरलेला’. पूर्वी ते ‘डूलाली टॅप’ म्हणत, त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप.

प्रश्न वाचणारा कोण याचा आहे. पुण्यातल्या साहेबांना ‘मीटिंग प्रीपोन केली’ लगेच कळतं. रॉटरडॅमच्या खरेदीदाराला ‘ब्रॉट फॉरवर्ड’ लिहावं. आपलं ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या. त्याच्या लेखी तो ‘पूर्वस्थितीला जा’ असाही असू शकतो, म्हणून ‘प्लीज रिप्लाय’. ‘आय पास्ड आउट इन 2018’ हे त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीतल्या पासिंग आउट परेडमुळे आपल्याला ओळखीचं वाटतं, पण संचलनाबाहेर त्याचा अर्थ ‘मला भोवळ आली’ असा होतो. ‘आय ग्रॅज्युएटेड’ लिहा. ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर इनव्हॉइस’ तर अजिबात पाठवू नका. आपल्याला शंका विचारायची असते, त्याला वाटतं आपण त्याच्या प्रामाणिकपणावर संशय घेतोय. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणजे काम भागतं.

आकड्यांतही हेच. ‘लाख’ बाहेर कळत नाही, तिथे ‘हंड्रेड थाउजंड’, आणि स्वल्पविरामही त्यांच्या पद्धतीने: 1,00,000 ऐवजी 100,000. तारीख 03/04 अशी लिहिली तर आपल्या आणि ब्रिटिशांच्या लेखी ती 3 एप्रिल, अमेरिकन माणसाच्या लेखी 4 मार्च. द्राक्षाच्या हंगामात या एका महिन्यात बागा रिकाम्या होतात. महिन्याचं नाव अक्षरात लिहा, प्रत्येक वेळी.